आधी ट्यूब, मग तपासणी

घोडपदेवच्या एका मेडिकलमध्ये माझ्या पुढे दारुखान्यातल्या भंगाराच्या कामावरून आलेला एक गडी उभा होता. कमरेकडे बोट करून तो एवढंच म्हणाला, "खाजेची ट्यूब." मिळाली. चिठ्ठी नाही, विचारपूस नाही. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत स्टेरॉइडचं नाव होतं.

त्या ट्यूबनं नेमकं काय होतं, ते पाहायला मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तंत्रज्ञ ताई बोथट पात्यानं एका बाईंचा चट्टा खरवडत होत्या. मधून नाही, कडेवरून. गजकर्णाची बुरशी बाहेरच्या बाजूला सरकत जाते, म्हणून ती कडेलाच जास्त सापडते. खपली काचपट्टीवर, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशीचे धागे उरतात. मलाही दिसले: पारदर्शक, गाठी-गाठीचे, फांद्या फुटलेले.

"बुरशी आहे, एवढं कळलं. कुठली, ते चार आठवडे थांबल्यावर," ताई म्हणाल्या. सॅबूरो या बुरशी वाढवायच्या माध्यमावर ती उगवायला वेळ लागतो, आणि 'काही उगवलं नाही' असं लिहायच्या आधी चार आठवडे वाट पाहावी लागते. समोरच्या बाईंनी विचारलं, "चार आठवडे खाजवत बसू?" ताईंकडे याला उत्तर नव्हतं. एका खोलीत सहा माणसं, एकच टॉवेल, वर मुंबईचा घाम. खाज घरभर फिरते.

स्टेरॉइडनं लाली आणि खाज बसते, बुरशी बसत नाही. चट्ट्याची ओळखीची गोल कडा पुसट होते आणि डॉक्टरही चकतात. त्यात आता टर्बिनाफाइन या बुरशीवरच्या औषधाला अनेकदा न जुमानणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनीई ही बुरशी आपल्याकडे फोफावली आहे. तिचं बारसं झालं २०२० साली जपानमध्ये, तिथल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही नोंदली गेली. तिथल्या दोन रुग्ण स्त्रियांपैकी एकीनं परदेशप्रवासच केलेला नव्हता. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या भावंडांतून तिला खात्रीनं वेगळी काढता येत नाही, जनुकांचा क्रम वाचावा लागतो. ती सोय मोजक्या ठिकाणी. ट्यूब मात्र नाक्यानाक्यावर.

दोष त्या गड्याचा नाही. ओपीडीच्या रांगेत त्याचा दिवसाचा रोज बुडतो. पण चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकणाऱ्याला अशी कुठली अडचण आहे?

चट्टा उठला तर खरवडून तपासून घ्या. आधी काही लावलं असेल तर लाजू नका, ती ट्यूब सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.