जिवाला घोर लागतो तेव्हा

रात्रीची वेळ. तुम्ही पिकाला पाणी द्यायला शेतात गेला आहात. बांधावर पाय टाकणार, तोच समोर काहीतरी लांबडे, काळे आडवे पडलेले दिसते. छाती धडधडू लागते. तोंडाला कोरड पडते. अंगावर काटा येतो. विचार करायच्या आधीच पाय मागे उडी घेतो. मग तुम्ही बॅटरीचा उजेड पाडता, तर तो निघतो नळीचा तुकडा! तुम्ही स्वतःशीच हसता. तरी धडधड थांबायला थोडा वेळ जातोच.

ही धडधड आली कुठून? आपल्या पाठीत दोन्ही बाजूंना मूत्रपिंडे असतात. लोक त्यांना किडन्या म्हणतात. प्रत्येकीच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहान गाठ असते. भीती वाटली, की मेंदू या गाठींना इशारा देतो. त्यांच्यातून एक रस रक्तात उतरतो. मग काळीज जोराने चालते. रक्तात साखर वाढते. हातापायांना जास्त रक्त मिळते. पोटाचे काम मंदावते, कारण साप पुढे असताना भाकरी पचवण्याची घाई नसते. पळायला किंवा काठी उचलायला अंग असे एका क्षणात तयार होते. ही देणगी नसती, तर आपले पूर्वज रानावनात जगलेच नसते.

पण काही साप नळीचे निघत नाहीत, आणि वाटेतून जातही नाहीत. कर्जाचा हप्ता आला आहे. पावसाने तीन आठवडे पाठ फिरवली आहे. पोरीचे लग्न ठरले आहे आणि हातात पैसा नाही. बांधाच्या भांडणाची कोर्टात तारखेवर तारीख पडते आहे. याला आपण घोर म्हणतो. शिकलेले लोक ताण म्हणतात. शरीराला मात्र साप आणि सावकार यांतला फरक कळत नाही. दोन्ही वेळा ते त्याच गाठींना हाक मारते. साप एकदा दिसतो. सावकार रोज आठवतो.

कॅनडा देशात मॉन्ट्रियल शहरी हान्स सेल्ये नावाचे एक शास्त्रज्ञ होते. ते उंदरांवर प्रयोग करीत. कोणाला थंडीत ठेवले, कोणाला जखम केली, कोणाला विषारी औषध टोचले. त्रास वेगवेगळा; पण सगळ्यांच्या अंगात बदल सारखेच झाले. त्या गाठी सुजून मोठ्या झाल्या आणि पोटात आतून जखमा पडल्या. हे त्यांनी १९३६ साली जगापुढे मांडले.

माणसाचेही तसेच होते. घोर महिनोन्‌महिने राहिला, की झोप उडते. पहाटे तीनला डोळे उघडतात ते पुन्हा मिटत नाहीत. मान आणि खांदे आखडतात. डोके दुखते, छातीत जळजळते, भूक मरते. ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्याचा आजार आटोक्यात राहत नाही. मग कोणी म्हणते, ‘बाहेरचं काही असंल, देवऋषाला दाखवा.’ बाहेरचे काही नसते. आतलेच असते.

कामावर काय परिणाम होतो, ते आता पाहू. घोर लागलेला माणूस मोटार चालू ठेवून घरी येतो. फवारणीला जाताना तोंडाला फडके बांधायचे विसरतो. कडबा कापायच्या यंत्रात पेंढी सारताना त्याचे लक्ष दुसरीकडे असते. अशाच वेळी बोटे जातात. लोक म्हणतात, ‘याचं डोकं ठिकाणावर नाही.’ म्हणणे खरे आहे. पण माणूस मंद झाला, असे जे त्यातून समजतात, ते मात्र खोटे आहे.

याचा पुरावा तमिळनाडूतल्या शेतकऱ्यांनी दिला आहे. तिकडे ऊस पुष्कळ होतो. उसाचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो. तोडीआधीचे महिने ओढाताणीचे, तोडीनंतरचे सुखाचे. आपल्याकडच्या ऊसवाल्यांना हे सांगायला नकोच. काही अभ्यासकांनी विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलै या जिल्ह्यांतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस शेतकरी निवडले. त्यांना तोडीआधी गाठले, आणि त्याच शेतकऱ्यांना तोडीनंतर पुन्हा गाठले. तोडीआधी शंभरातल्या ७८ जणांनी घरातली काही ना काही वस्तू गहाण टाकली होती. तोडीनंतर असे शंभरात ४ च निघाले.

दोन्ही वेळा त्यांना काही कोडी घातली. एक कोडे असे होते. कागदावर लिहिले आहे: ५ ५ ५. आकडा कोणता ते सांगायचे नाही. किती आकडे आहेत, ते सांगायचे. उत्तर तीन. पण तोंडात पटकन पाच येते! तुम्हीही करून पाहा: ४ ४. आता हे: २ २ २ २. झटपट बरोबर सांगायचे, तर मन एका जागी लागते.

तोडीआधी त्या शेतकऱ्यांना वेळ जास्त लागला आणि चुकाही जास्त झाल्या. तोडीनंतर तीच माणसे चटकन आणि बरोबर सांगू लागली. कोणी म्हणेल, हवा बदलली असेल, सणासुदीचा फरक असेल. तसेही नव्हते. कारखाना पाळीपाळीने ऊस नेतो. त्यामुळे एकाच महिन्यात कोणाची तोड झालेली होती, कोणाची राहिलेली. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

म्हणजे अक्कल कुठे गेलेली नसते. ती अडकलेली असते. खळ्यात अर्ध्या जागेवर कडबा रचून ठेवला, तर मळणीला जागा किती उरणार? गरजेच्या दिवसांत माणूस कोणत्याही कागदावर सही करतो, हे सावकाराला काही न वाचताच ठाऊक आहे. म्हणून तो कागद अशाच दिवसांत पुढे करतो. आता तुम्हाला वाचता येते. ‘उद्या सांगतो’ म्हणा आणि कागद घरी आणा. घरच्यांना वाचून दाखवा. एक रात्र मध्ये जाऊ द्या. बैल विकणे, जमीन गहाण टाकणे, यांचा निर्णय घोराच्या भरात एकट्याने करू नये.

दुसरे, एक वही करा. कोणाचे किती देणे आहे, कोणत्या तारखेला आहे, ते लिहा. लिहिल्याने देणे फिटत नाही, हे आम्हालाही कळते. ‘मन खंबीर ठेवा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खंबीर मनाने बँकेचा हप्ता भरता येत नाही. पण वहीत उतरलेली तारीख रात्रभर डोक्यात धरून ठेवावी लागत नाही. तेवढी जागा मोकळी होते. शिवाय बँकेत मुदत मागायला जाताना ती वही उपयोगी पडते.

बाईच्या घोराला घरात नावही नसते. ती सर्वांआधी उठते, सर्वांमागून जेवते. डोके दुखले तर फडके बांधते आणि भाकरी थापते. नवऱ्याचा घोर रागाने बाहेर पडतो, आणि तो राग तिच्यावर निघतो. बचत गटाचा हप्ता, पोरांची फी, सासूचे औषध, सगळे तिच्या डोक्यात असते. वही लिहायला बसताना तिला शेजारी बसवा.

दारूचेही सांगायला हवे. दारूने झोप लवकर येते, म्हणून घोर लागलेला माणूस तिच्याकडे वळतो. पण पिऊन आलेली झोप मध्यरात्रीनंतर मोडते. सकाळी घोर तसाच, आणि खिसा हलका.

सगळ्यांत नाजूक गोष्ट आता सांगतो. घोर वाढत गेला, की काहींना जीव नकोसा होतो. माणूस गप्प राहतो, जेवण टाळतो, आपली वस्तू कोणाला देऊन टाकतो, ‘माझ्यामागं पोरांना सांभाळा’ असे बोलून जातो. असे दिसले तर जवळ बसा आणि सरळ विचारा, ‘दादा, जीव द्यायचा विचार येतो का मनात?’ विचारल्याने तो विचार मनात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरातून हलवा. कुलूप लावून किल्ली दुसऱ्याने ठेवावी. तो वाईट क्षण बहुधा टळतो. पण हाताशी विष असेल, तर माणूस त्याच क्षणात जातो.

अशा वेळी १४४१६ हा आकडा फोनवर फिरवावा. ‘टेलिमानस’ नावाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती फुकट आहे आणि रात्रंदिवस चालते. मराठीत बोलता येते. आधी शिकवून तयार केलेला माणूस ऐकून घेतो. गरज असेल तर तो डॉक्टरांशी जोडून देतो. ज्याला फोनवर बोलणे जमत नाही, त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. केसपेपर काढताना आजाराचे नाव माहीत असावे लागत नाही. ‘झोप येत नाही, जिवाला घोर लागलाय, मनाच्या डॉक्टरांना दाखवायचंय,’ एवढे सांगितले की पुरे.