जयपूरचं ऊन आणि इंजिनाचं तेल

मे महिन्यातली दुपार. जयपूरच्या ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका गॅरेजात ऑइल बदलायला गाडी लावली होती. पुस्तिकेत ग्रेड होती ५डब्ल्यू-३०. मिस्त्रींनी माझ्या हातातला डबा पाहिला आणि मान हलवली. "साहब, पैंतालीस डिग्री में ये पानी हो जाएगा. बीस-पचास डालो." असा सल्ला नागपुरात आणि जळगावातही मिळतो, आणि चटकन पटतो. उन्हात तूप पातळ होतं, तसं तेलही होणार; मग आधीच जाड ऑइल घेतलेलं बरं!

पण बाहेरच्या उन्हाचा इंजिनाशी संबंध फार थोडा. शीतकाचं तापमान थर्मोस्टॅट आणि रेडिएटर नव्वद अंशांच्या आसपास सांभाळतात, तापलेल्या इंजिनातलं ऑइल साधारण शंभर अंशांवर फिरतं. जानेवारीतली पहाट असो की मेमधली दुपार, यात फारसा फरक पडत नाही. म्हणूनच ग्रेडमधला दुसरा आकडा ठरवताना ऑइलची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, मोजतात ती १०० अंशांना. '३०' ग्रेडसाठी ती ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स लागते, '५०' साठी १६.३ ते २१.९. पहिल्या आकड्यापुढचा 'डब्ल्यू' विंटरचा. तो आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत सहज वाहतं. '५डब्ल्यू'ची परीक्षा उणे ३० अंशांना होते.

मग जयपुरात हा पहिला आकडा बिनकामाचा? मुळीच नाही. साधारण ५डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना सुमारे ६० सेंटिस्टोक्स भरतं, १०० अंशांना दहा-अकरा. म्हणजे भर उन्हात उभी गाडी सुरू करतानाही ऑइल हवं त्याच्या पाच-सहा पट जाड असतं. इंजिनाच्या लेखी जयपूरची मेमधली दुपारसुद्धा थंडीच! मिस्त्रींचं 'बीस-पचास', म्हणजे २०डब्ल्यू-५०, तर त्या वेळी ५डब्ल्यू-३० च्या दुपटीहून जाड असतं. जानेवारीत पारा पाच अंशांवर उतरला की ते वरच्या भागांपर्यंत पोचायला आणखी वेळ घेतं, आणि इंजिनाची बरीच झीज या सुरुवातीच्या क्षणांतच होते.

ऑइल करतं तरी काय? १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल सोडायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर त्यातून तेल उलट बाहेर येऊ लागलं. भोकात बूच ठोकलं, तेही उडालं! फिरणारा दांडा तेलाला फटीत ओढतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि दांडा तेलाच्या थरावर तरंगतो, हे त्यातून उमगलं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली त्याचं गणित मांडलं. ऑइल फार पातळ असेल तर हा थर तुटतो. फार जाड असेल तर ते ढवळण्यातच इंधन जातं. आधुनिक इंजिनांत झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि तिच्या वाटा अरुंद असतात. तिथे वाटेल ते जाड ऑइल चालत नाही.

दुचाकीची गोष्ट थोडी वेगळी. बहुतेक मोटारसायकलींत क्लचही त्याच ऑइलात बुडालेला असतो. घर्षण कमी करणारी रसायनं घातलेलं कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर ग्रेडबरोबर 'जासो एमए' किंवा 'एमए२' ही खूण बघावी. बीएस-६ डिझेल गाडीत काजळीचा फिल्टर असेल, तर कमी राखेचं ऑइल लागतं. त्या बाबतीत नुसती ग्रेड जुळून भागत नाही.

राजस्थानात इंजिनाला खरा त्रास धुळीचा आणि जयपूरच्या चारदिवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, कोंडीत रांगत जाण्याचा. त्यावर उपाय जाड ऑइलचा नाही. एअर फिल्टर वेळेवर साफ करणं आणि ऑइल लवकर बदलणं हा आहे. काही पुस्तिकांत हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेल्या असतात. निवड करायची ती त्यांतूनच. ऑइल खाणाऱ्या जुन्या गाडीलाही त्याच यादीतली जाड ग्रेड द्यावी.

मी मिस्त्रींना पुस्तिकेचं पान दाखवलं आणि ५डब्ल्यू-३० च भरून घेतलं. तुमच्या गाडीची पुस्तिका हरवली असेल, तर बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण बघा. बऱ्याच गाड्यांत ग्रेड त्यावरच कोरलेली असते.