वृक्काश्मरी, शिशू व बालकांतील
मूत्रातील क्षार वृक्कात (मूत्रपिंडात) साचून तयार होणाऱ्या खड्यास वृक्काश्मरी किंवा मुतखडा म्हणतात. प्रौढांच्या मानाने बालकांत हा विकार कमी आढळतो. तथापि वयाच्या पहिल्या वर्षातही तो होऊ शकतो. बालकाचे वृक्क वाढीच्या अवस्थेत असते व पुढील सारे आयुष्य त्याला त्यावरच काढावयाचे असते. म्हणून खडा पूर्णपणे निघणे, वृक्काला कमीत कमी इजा होणे आणि खडा पुन्हा न होणे, ही तिन्ही उद्दिष्टे येथे विशेष महत्त्वाची ठरतात.

इतिहास : प्राचीन शस्त्रवैद्यांना मूत्राशयातील खडाच काढता येत असे. तो मुलांत वारंवार होतो व त्यांचे मूत्राशय लहान असल्यामुळे सहज काढता येतो, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस (इ. स. पहिले शतक) यांनी ही शस्त्रक्रिया ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलांपुरती मर्यादित ठेवली होती. वृक्कातील मोठ्या खड्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कुशीत छेद घेऊन करावयाची खुली शस्त्रक्रिया हाच प्रमुख उपाय होता.

कारणे व निदान : मूत्रातील कॅल्शियम, ऑक्झॅलेट किंवा सिस्टीन यांचे आधिक्य, जंतुसंसर्ग आणि मूत्रमार्गाच्या रचनेतील जन्मजात दोष ही प्रमुख कारणे होत. शिशूला वेदना सांगता येत नसल्याने सतत रडणे, वांती, ताप किंवा मूत्रातील रक्त यांवरून संशय घ्यावा लागतो. प्रारणाचा धोका नसल्यामुळे श्राव्यातीत ध्वनी तपासणी (सोनोग्राफी) प्रथम करतात.

प्रत्येक खड्यास शस्त्रक्रिया लागत नाही. चीनमध्ये २००८ साली मेलामीन मिसळलेल्या दूध-भुकटीमुळे सु. २,९४,००० बालके बाधित झाली व सहा शिशू दगावले. परंतु बहुसंख्य बालकांत भेसळयुक्त दूध बंद करून द्रव पदार्थ व औषधे देणे पुरेसे ठरले. सु. ३ मिमी. पर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडून जातात. याउलट, अडलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाल्यास ती आणीबाणीची अवस्था होय. अशा वेळी खडा काढण्यापूर्वी नळी घालून मूत्राचा निचरा करतात.

शस्त्रचिकित्सा : (१) आघात-तरंग भंजन : शरीराबाहेरून सोडलेल्या तरंगांनी खडा फोडण्याची ही पद्धत १९८० मध्ये म्यूनिक येथे प्रथम वापरण्यात आली. सु. २ सेंमी. पेक्षा लहान खड्यांसाठी ती बहुधा प्रथम निवडतात. बालकाची मूत्रवाहिनी आखूड व लवचिक असल्याने तुकडे सुलभपणे बाहेर पडतात. मात्र बालक स्थिर राहावे म्हणून सहसा भूल द्यावी लागते आणि फुप्फुसांचे तरंगांपासून संरक्षण करावे लागते.

(२) त्वचेतून अश्मरीहरण : १९७६ मध्ये प्रथम वर्णिलेल्या या पद्धतीत पाठीकडून बारीक मार्ग तयार करून त्यातून अंतर्दर्शक वृक्कात नेतात व खडा फोडून काढतात. ती मोठ्या खड्यांसाठी उपयुक्त आहे. १९९० नंतरच्या दशकात बालकांसाठी अरुंद उपकरणे वापरात आली, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका घटला. शिशूचे शरीर लवकर गार पडत असल्याने धावनासाठी कोमट लवणद्राव वापरतात.

(३) मूत्रवाहिनीदर्शन : मूत्रमार्गातून बारीक दर्शक वर नेऊन लेसर किरणांनी खडा फोडतात. शिशूची मूत्रवाहिनी अरुंद असल्यास प्रथम त्यात काही दिवस नळी ठेवून ती रुंदावतात.

(४) खुली अथवा उदरदर्शकीय शस्त्रक्रिया : आता ती क्वचितच लागते. वृक्कद्रोणी व मूत्रवाहिनी यांच्या संधीशी जन्मजात अडथळा असल्यास तो दुरुस्त करताना त्याच वेळी खडाही काढता येतो.

पश्चात उपचार : मागे राहिलेला लहानसा तुकडाही नव्या खड्याचे केंद्र बनू शकतो. काढलेल्या खड्याचे रासायनिक विश्लेषण व बालकाच्या चयापचयाची तपासणी आवश्यक असते. भरपूर द्रव पदार्थ, मिठाचे मर्यादित सेवन आणि कारणानुसार सिट्रेटासारखी औषधे यांनी पुनरुद्भव कमी करता येतो. वाढत्या वयाच्या मुलांना कॅल्शियमयुक्त आहार मात्र तोडू नये. तसे केल्यास हाडांच्या वाढीस बाध येतो. मूळ कारण कायम राहिल्यास पुनःपुन्हा होणाऱ्या खड्यांमुळे वृक्काची कार्यक्षमता घटत जाते. म्हणून यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही अशा बालकाची नियमित तपासणी अनेक वर्षे चालू ठेवतात.