मोटरहोममध्ये पाणी कुठे शोधाल? आधी डिझेलच्या टाकीत!

मोटरहोम घेऊन फिरायला निघायचं म्हटलं की तुमची यादी कशी असते? पिण्याचं पाणी भरलं, गॅस सिलिंडर तपासला, मुलांच्या चादरी घेतल्या, इन्व्हर्टर चार्ज केला. डिझेलचं काय? ‘भरलंय की!’ एवढ्यावर विषय संपतो. पण घाटात, अंधारात, मागे मुलं झोपलेली असताना गाडी आचके देऊन बंद पडते तेव्हा कारण बरेचदा त्याच टाकीत असतं.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी कॅराव्हॅन रस्त्यावर आणल्या. फोर्स ट्रॅव्हलरसारख्या डिझेल गाडीवर घर बांधून घेणारी कुटुंबंही आता दिसतात. मात्र या घराची एक खोड आहे. ते वर्षातले कितीतरी महिने नुसतं उभं असतं. रोज धावणाऱ्या टेम्पोपेक्षा उभ्या गाडीच्या डिझेलला जास्त जपावं लागतं.

असं का, हे समजायला डिझेलचा प्रवास पाहू. टाकीतून ते फिल्टरमध्ये येतं, तिथून हाय प्रेशर पंपात, पंपातून ‘कॉमन रेल’ नावाच्या जाड नळीत आणि शेवटी इंजेक्टरमध्ये. कारच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण दोन-अडीच बार असतो, तर या नळीत तो 1600 बार किंवा त्याहूनही जास्त जातो. इंजेक्टरच्या नोझलची छिद्रं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. एवढ्या नाजूक यंत्राला वंगण कोण देतं? स्वतः डिझेलच!

आपण बेंगळुरूकर या यंत्राच्या माहेरीच राहतो. 1951 मध्ये इथे सुरू झालेली ‘मायको’ डिझेलचे पंप बनवायची. 2008 मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण मायको लेआउट आहेच. नाशिककरांनाही मायको सर्कल सांगावं लागत नाही, तिथल्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात. (दोन्ही शहरांत घर असलेल्या मराठी माणसाने तरी फिल्टरकडे दुर्लक्ष करू नये!)

आता पाण्याकडे येऊ. अर्ध्या रिकाम्या टाकीत वरची जागा हवेने भरलेली असते. पावसाळ्यात ती हवा दमट असते. रात्री टाकी गार झाली की आतल्या पत्र्यावर थेंब जमतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे महिनोन्‌महिने उभ्या गाडीत सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ पुढे फिल्टर तुंबवतो. पाणी पंपापर्यंत पोचलं तर वंगण तुटतं, गंज धरतो आणि इंजेक्टरची टोकं खराब होतात. फिल्टर स्वस्त आहे हो, इंजेक्टरचा संच नाही.

म्हणून गाडी उभी करून ठेवण्याआधी टाकी भरून ठेवा. हवेला जागाच कमी राहते. डिझेल शक्यतो गर्दीच्या पंपावर घ्या. तिथे साठा जुना होत नाही. पंपावर टँकर रिकामा होत असेल तर पुढच्या पंपावर जा, कारण तळाचा गाळ तेव्हाच ढवळला जातो.

फिल्टरच्या खाली पाणी साचायची वाटी असते आणि तिला एक प्लग असतो. लांबच्या प्रवासाआधी तो उघडायचा. इंजिन बंद आणि गार हवं, घरातला गॅस बंद हवा, आसपास कोणी विडी-सिगारेट ओढत नसावं. खाली काचेची बरणी धरा, प्लग थोडा सैल करा आणि शुद्ध डिझेल येईपर्यंत थांबा. बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवलीत तर पाणी खाली आणि डिझेल वर असं स्पष्ट दिसेल. मुलांना दाखवा, शाळेतली घनता एका मिनिटात कळते. नंतर प्लग घट्ट बसवून इंजिन सुरू करा आणि गळती नाही ना ते पाहा. बरणीतलं गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये द्या. डॅशबोर्डवर फिल्टर आणि थेंबांचं चिन्ह पेटलं तर हे काम उद्यावर ढकलायचं नाही.

टाकी कोरडी होईपर्यंत गाडी चालवू नका. यंत्रणेत हवा शिरते आणि मग फिल्टरवरच्या हातपंपाने ती काढत बसावं लागतं. इथे एक गोष्ट अगदी कडक सांगते. जुन्या गाड्यांत मेकॅनिक इंजेक्टरचा नट सैल करून हवा काढायचे. कॉमन रेल गाडीत इंजिन चालू असताना हे कुणालाही करू देऊ नका. त्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. जखम सुईच्या टोचण्याएवढी दिसते, पण तातडीने रुग्णालयात जावं लागतं.

1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 गाडी असेल तर बहुतेक वेळा निळ्या झाकणाची आणखी एक छोटी टाकी असते. तिच्यात डीईएफ, म्हणजे 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. ते धुरासाठी असतं, इंजिनात जाळायला नाही. पंपावर गडबडीत ते डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवूच नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या. इंजिन सुरूच झालं नसेल तर बहुधा टाकी धुण्यावर भागतं.