चूक सांगता येईल अशी शेतीशाळा

गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर पानामागे डाऊनीची पांढरी बुरशी दिसली, की पहिला प्रश्न औषधाचा नसतो, तो अब्रूचा असतो. ‘माझी फवारणी चुकली’ हे चारचौघांत कोण बोलणार? आणि कोणी बोललंच नाही, तर शेजारच्या बागेत तीच चूक पुन्हा होते. संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका जास्त होत होत्या असं नव्हे. त्या बोलून दाखवता येत होत्या, हा एडमंडसन यांनी लावलेला अर्थ मला पटतो.

चूक बोलण्याची अशी मोकळीक शेतीशाळेत मिळू शकते. ही पद्धत 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या प्रश्नातून घडली. महाराष्ट्रात कृषी विभागही ती राबवतो. छोटे गट शिवारात उतरतात, पानं उलटून किडी आणि मित्रकीटक मोजतात, मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढतात आणि फवारायचं की थांबायचं हे स्वतः ठरवतात. बोट कागदावरच्या किडीकडे असतं, माणसाकडे नाही. म्हणून जीभ मोकळी होते. डाऊनी बघता बघता बाग खाते, चर्चेला वेळ कुठला, हा आक्षेप खरा आहे. त्या घडीला तज्ज्ञाचाच सल्ला घ्यावा. पण पानामागचा पहिला डाग वेळेत सांगणारा शेतकरीच असतो, आणि तो सांगेल की लपवेल हे आधीच्या बैठकांत त्याचं कसं ऐकून घेतलं यावर ठरतं.