पोटदुखी की ‘मनाचे खेळ’?

तपासण्या चांगल्या येतात, तरी पोट दुखतेच. कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. घरातल्या बाईला असे झाले की “टेन्शन घेतेस म्हणून होते” एवढ्यावर विषय मिटतो. (पुरुषांना मात्र लगेच डॉक्टरांकडे नेतात!) या दुखण्याचे नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम.

स्वीडनमधल्या माल्मो शहरातील संशोधकांना त्याचा एक धागा वेगळ्याच ठिकाणी सापडला. मेंदूत जीएनआरएच हे संप्रेरक तयार होते. अंडाशयाचे काम त्याच्या इशाऱ्यावर चालते. त्याच्यासारखी बनवलेली औषधे एन्डोमेट्रिओसिस किंवा वंध्यत्वासाठी देतात. ती घेतलेल्या काही स्त्रियांची आतडी मंदावली. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे जाळे असते, तिथेही हे संप्रेरक आढळते. पुढे आतड्यांची हालचाल बिघडलेल्या काही रुग्णांच्या रक्तात याच संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे मिळाली. त्यांत या आजाराचेही रुग्ण होते. जंतूंशी लढणारे शरीराचे शिपाई इथे घरच्यांवरच उलटलेले.

मात्र प्रतिपिंडांमुळे आजार होतो, की आजारामुळे ती तयार होतात, हे अजून ठरलेले नाही. म्हणून या तपासणीवर पैसे घालवू नका. त्याऐवजी सीलिअॅकच्या रक्ततपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. गव्हातले ग्लुटेन न सोसणाऱ्या या आजाराची लक्षणे अशीच असतात. शौचातून रक्त, घटते वजन किंवा रक्तक्षय असेल तर एक दिवसही थांबू नका. आणि सीलिअॅकची तपासणी होईपर्यंत गव्हाची चपाती बंद करू नका, नाहीतर दोष असूनही अहवाल चांगला येऊ शकतो.