एकास शंभर

कॉम्प्युटरवर नकाशा काढताना प्रमाण नावाची गोष्ट नसतेच. अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत बसलेला ड्राफ्ट्समन ३० बाय ५० फुटांचा प्लॉट काढतो तो खऱ्या मापात, ९.१४ मीटरची बाजू ९.१४ मीटरचीच. माउसचं चाक फिरवलं की तोच प्लॉट नखाएवढा होतो आणि पुन्हा फिरवलं की स्क्रीनभर पसरतो. प्रमाण ठरवावं लागतं ते कागद समोर आल्यावर. अख्खं घर, त्याच्या बाजूचा रस्ता, पायाचा छेद आणि मालकाचं नाव हे सगळं एका शीटवर बसवायचं, आणि पट्टी ठेवली की माप बरोबर निघायला हवं. या कामाला ऑफिसात ‘शीट लावणं’ म्हणतात. नवशिक्या मुलाकडे ते सर्रास ढकललं जातं, कारण डिझाइन झालं म्हणजे काम झालं असा समज आहे. मला तो चुकीचा वाटतो. साइटवरचा मिस्त्री, महापालिकेतला अभियंता आणि बँकेचा माणूस यांच्या हातात जातं ते शीट. डिझाइन कितीही चांगलं असलं तरी त्यांना ते तेवढंच दिसतं जेवढं शीट दाखवतं.

वऱ्हाडाला मापाच्या नकाशाची सवय जुनी आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पुढे मुंबई पद्धतीची जमीन मोजणी इथे आली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आजही घराचं काम सुरू होतं ते भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीपासून. ड्राफ्ट्समन ती स्कॅन करून कॅडमध्ये टाकतो, एक माहीत असलेली बाजू पकडतो आणि चित्र त्या मापाला ताणतो. इथे अनुभवी माणूस एक गोष्ट न विसरता करतो: एक बाजू जुळली म्हणून थांबत नाही, तिला काटकोनात असलेली दुसरी बाजूही मोजतो. झेरॉक्सची झेरॉक्स झालेला कागद एका दिशेने जास्त ताणलेला असू शकतो, आणि मग प्लॉटची लांबी बरोबर पण रुंदी वीतभर खोटी निघते.

जुन्या वस्तीतल्या घराचा वाढीव मजला काढायचा असेल तर आणखी एक खड्डा आहे. दशमान पद्धत येण्याआधीचे नकाशे बहुधा एक इंचाला आठ फूट या प्रमाणात काढलेले, म्हणजे १:९६. आपण लावतो १:१००ची पट्टी. दोन्ही आकडे इतके जवळचे की फरक डोळ्यांना दिसत नाही. पण ३० फुटांची भिंत त्या जुन्या कागदावर ९५.२५ मिलिमीटर असते आणि आजच्या पट्टीवर ती ९.५२ मीटर वाचली जाते. खरी भिंत ९.१४ मीटर. ३८ सेंटिमीटरचा फरक पडला, म्हणजे बाजूच्या सामासिक अंतरातले सव्वा फूट हवेत गेले.

ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचं पेन आणि अमोनिया प्रिंटच्या काळात प्रमाण आधी ठरायचं आणि मग रेघ पडायची. अमरावतीचं शासकीय तंत्रनिकेतन १९५५ सालचं, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचं. ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर धरून शिकलेल्या पिढ्यांच्या हाताला ती शिस्त होती. ऑटोकॅड १९८२ साली आलं आणि ही क्रमवारी उलटली: आधी खऱ्या मापात सगळं काढा, प्रमाणाचं नंतर पाहू. सुरुवातीला ते ‘नंतर’ फार त्रासाचं होतं. १९९० च्या आवृत्तीत ‘पेपर स्पेस’ आली आणि गाडी रुळावर आली. आता एका बाजूला मॉडेल, जिथे घर खऱ्या आकाराचं उभं आहे. दुसऱ्या बाजूला लेआउट, म्हणजे खऱ्या आकाराचा कागद. त्या कागदात चौकोनी खिडक्या पाडायच्या, ज्यांना व्ह्यूपोर्ट म्हणतात, आणि प्रत्येक खिडकीतून मॉडेल वेगळ्या प्रमाणात पाहायचं. एकच घर एका खिडकीत १:१००, शेजारच्या खिडकीत १:५००, खालच्या कोपऱ्यात १:२०. घर एकदाच काढलेलं. खिडकी वाढवली म्हणून घर बदलत नाही, आणि घरातली भिंत सरकली की सगळ्या खिडक्यांत सरकते.

खरी मेख आहे एककांत. लेआउटचा कागद मिलिमीटरमध्ये असतो. मॉडेल मीटरमध्ये काढलं असेल तर १:१०० साठी एक मीटरला दहा मिलिमीटर, म्हणजे झूमच्या कमांडमध्ये १०एक्सपी. मॉडेल मिलिमीटरमध्ये असेल तर तोच आकडा ०.०१. आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं त्याप्रमाणे मॉडेल इंचात असेल तर ०.२५४. घरमालक फुटांत बोलतो, मिस्त्री फुटांत बोलतो, महापालिकेला मीटर हवेत. म्हणून इंचात काढलेलं मॉडेल ०.०२५४ ने गुणून मीटरमध्ये आणायचं, ही पायरी वेगळी करावी आणि ती शीट लावण्याआधी करावी. खिडकीचं प्रमाण एकदा लागलं की लगेच कुलूप घालायचं. कुलूप न लावलेल्या खिडकीत चुकून चाक फिरलं तर १:१०० चं १:९७ झालेलं कोणालाही कळत नाही, आणि शीर्षकपट्टीत मात्र ‘प्रमाण १:१००’ तसंच राहतं.

अक्षरांचाही हाच हिशेब. कागदावर अडीच मिलिमीटर उंचीचं अक्षर हवं असेल तर १:१०० च्या खिडकीसाठी मॉडेलमध्ये ते पाव मीटर उंच लागतं, १:५०० साठी सव्वा मीटर. ज्यांना हे माहीत नसतं त्यांच्या साइट प्लॅनवर ‘१२ मीटर रुंद रस्ता’ हे शब्द मुंगीएवढे उमटतात. ऑटोकॅड २००८ पासून ॲनोटेटिव्ह अक्षरं आली; ती खिडकीचं प्रमाण पाहून आपली उंची आपणच धरतात. तरी मालकाचं मराठी नाव जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाकलं असेल आणि प्लॉटरवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसेल, तर नावाच्या जागी खुणांची रांग येते. म्हणून शीट बाहेर न्यायचं ते पीडीएफ करूनच.

रेघांची जाडी आणि रंग यांत मात्र सॉफ्टवेअरची सवय आणि नियमाची सवय आमनेसामने येतात. पेन प्लॉटरच्या काळात प्रत्येक रंगाला एक पेन असायचं, त्यामुळे कॅडमध्ये रंग म्हणजे जाडी असं समीकरण बसलं आणि छापताना सगळं काळं करणारी फाइल रूढ झाली. बांधकाम परवानगीच्या नकाशात मात्र रंगाला अर्थ आहे: प्रस्तावित काम लाल, पाडायचं काम पिवळ्या रेघोट्यांत, अस्तित्वातला रस्ता हिरवा, सांडपाण्याची लाइन लाल तुटक. सवयीने ‘मोनोक्रोम’ निवडून छापलं की नव्या आणि जुन्या भिंतीतला भेद पुसला जातो आणि फाइल परत येते. जाडी लेयरवर ठरवावी आणि रंग नियमासाठी मोकळा ठेवावा, हे मला त्यावरचं एकमेव सरळ उत्तर वाटतं. जाडीला प्रमाणाची जोडही हवी. नऊ इंची भिंत, म्हणजे २३० मिलिमीटर, १:१०० ला कागदावर २.३ मिलिमीटर होते. दोन रेघा स्वच्छ दिसतात. १:५०० ला ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे दोन रेघांचा एकच काळा पट्टा. त्या खिडकीत भिंती बंद कराव्यात, नुसती बाहेरची कड ठेवावी. व्ह्यूपोर्टमध्ये लेयर गोठवण्याची सोय त्यासाठीच आहे.

वऱ्हाडात १:२० ची खिडकी शोभेची नसते. खाली काळी कापसाची माती आहे, पूर्णेच्या खोऱ्यात तर खारपाणपट्टा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाची भिंत तिरपी चिरते. पाया किती खोल, खाली मुरूम किती, कुठे अंडर-रीम्ड पाइल आणि बीमच्या पोटाखाली मोकळी जागा किती, हे १:१०० च्या छेदात दाखवणं म्हणजे न दाखवणं. १५ सेंटिमीटरचा थर तिथे दीड मिलिमीटर असतो, १:२० ला साडेसात. साइटवर मिस्त्री विचारतो, ‘सायेब, हा कालम भितीत बसते का भायेर निंगते?’ त्याचं उत्तर त्या छोट्या खिडकीतच असतं.

घरापेक्षा मोठं काम घेतलं की शीट लावणं ही स्वतंत्र विद्या होते. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. एवढीच लांबी १:२५०० ने कागदावर घ्यायची म्हटलं तर ३० मीटर कागद. ए१ शीट ८४१ मिलिमीटर लांब. कडा आणि बांधणीची जागा सोडून ७५० धरले तर एका शीटवर १,८७५ मीटर रस्ता बसतो, म्हणजे नेमकी ४० शीट. मॉडेलमध्ये रस्ता एकच, सलग. प्रत्येक लेआउटमध्ये खिडकी त्याच्या पुढच्या तुकड्यावर न्यायची आणि दृश्य फिरवायचं, म्हणजे रस्ता आडवा दिसतो. इथे उत्तर दिशेचा बाण कागदावर चिकटवला तर चाळीसही शीटवर तो वरच बघत राहील आणि बहुतेक शीटवर खोटा ठरेल. तो मॉडेलमध्येच ठेवावा, दृश्याबरोबर आपोआप फिरतो. शीटच्या खालच्या अर्ध्यात लांबीचा छेद येतो. पूर्णेच्या सपाट मैदानात चढ-उतार दिसावा म्हणून उभं प्रमाण १:२५०, आडव्याच्या दहापट मोठं. व्ह्यूपोर्टला उभं-आडवं वेगळं प्रमाण देता येत नाही, म्हणून छेदाची उंची मॉडेलमध्येच दहाने गुणून काढतात आणि तसं शीटवर ठळक लिहितात. न लिहिलेला छेद वाचणाऱ्याला या सपाट मुलखात घाट दाखवतो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, परवानग्या ऑनलाइन गेल्या, आणि कॅडची फाइल वाचून क्षेत्रफळ व अंतरं तपासणारे प्रोग्रॅम आले. प्रोग्रॅमला प्रमाणाचं देणं-घेणं नाही, त्याला लेयरची नावं बरोबर आणि रेघा बंद हव्यात. त्यावरून आता शीटची गरज उरली नाही असं म्हणणारे भेटतात. साइटवर उन्हात उभं राहून नकाशा उलगडणाऱ्याला ते पटणार नाही. मंजुरी स्क्रीनवर मिळाली तरी पायाची आखणी कागदावरूनच होते.

आणि तो कागद बहुतेकदा शेवटच्या क्लिकला बिघडतो. २४ इंची रोल ६१० मिलिमीटर रुंद, ए१ ची छोटी बाजू ५९४. शीट त्यावर आरामात बसतं. तरी दुकानातल्या प्रिंटच्या खिडकीत ‘फिट’ निवडलेलं असतं आणि कडा सांभाळण्यासाठी चित्र तीन-चार टक्क्यांनी आक्रसतं. ९६ टक्के झालं तर ९.१४ मीटरची भिंत पट्टीवर ८.७८ वाचली जाते. ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडा, हे प्रत्येक वेळी तोंडाने सांगावं लागतं. चांगली ऑफिसं शीटच्या चौकटीलगत १०० मिलिमीटरची एक आडवी आणि एक उभी रेघ छापतात. दोन्ही यासाठी, की रोल पुढे सरकताना एकाच दिशेने ताण पडू शकतो. प्रिंट हातात आला की काउंटरवरच पट्टी लावायची. ९९ भरलं तर १:१०० ला दहा मीटरमागे दहा सेंटिमीटर गेले, आणि तो प्रिंट घेऊन साइटवर जायचं नाही.